एका डोंगराचे तीन फोटो

डोंगराचा फोटो घेऊन आलेलं गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरच ओळखू येतं. लग्नाचा अल्बम न्यायला येणारा हसत येतो, पासपोर्टवाला घाईत येतो आणि डोंगरवाला येतो तो चेहरा पाडून. "बाई, मी गेलो होतो तेव्हा चांगला दिसत होता हो," असं म्हणत तो कॅमेऱ्याचं कार्ड पुढे करतो. मी कार्ड लावायची. पडद्यावर निळसर राखाडी काहीतरी उमटायचं. "यात डोंगर कुठे आहे?" मी विचारायची. तो बोट ठेवून दाखवायचा. बोटाखालीही डोंगर नसायचा.

तुमसरला आमचा स्टुडिओ होता. फोटो काढायचं काम आमच्या ह्यांचं, कॉम्प्युटरसमोर बसायचं माझं. स्थळाला पाठवायच्या मुलीच्या फोटोतले मुरूम घालवणं, गेलेल्या माणसाला ग्रुप फोटोतून वेगळं काढून भिंतीवर लावण्याजोगं करणं, नवरदेवाच्या डोक्यावर उगवलेला विजेचा खांब उपटणं, ही माझी रोजची कामं. त्यात डोंगर कसे शिरले ते मलाही नीट सांगता येत नाही. डिजिटल कॅमेरे आले, जो तो गडावर चढून खालचा मुलूख टिपू लागला, आणि आपल्याकडची हवा फोटोला किती वाईट आहे ते सगळ्यांना एकदमच कळलं. हिवाळ्यात धुकं, उन्हाळ्यात धूळ आणि धूर. एका मास्तरांना मी त्यांचा धुरकट डोंगर ब्लॅक अँड व्हाईट करून स्वच्छ काढून दिला. त्यांनी चार जणांना दाखवला आणि मी डोंगरवाली बाई झाले.

आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची ती वर्षं. 'आपला जिल्हा' म्हणून स्मरणिका काढायची टूम निघाली होती. एक समिती माझ्याकडे धानाच्या बांध्यांचा, म्हणजे खाचरांचा, फोटो घेऊन आली, मागे अंधुक टेकड्या. आतली पानं ब्लॅक अँड व्हाईट छापायची होती. मी धुकं काढलं, टेकड्या छान वर आल्या, आणि त्यांच्याही मागून आणखी एक लांबलचक रांग उगवली. एक जण म्हणाले, "ही रांग तं आता गोंदियात गेली." दुसरे म्हणाले, "नाही, अर्धी आपलीच हाय." अर्धा तास नकाशावाचून वाद चालला. शेवटी अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, तेवढ्या मागच्या भागात धुकं परत टाकून द्या ना." मी टाकून दिलं. करडी गावच्या एका गिऱ्हाइकाचा डोंगर तर मी सबंध सकाळ खपून स्वच्छ केला, आणि तो निघाला धानाच्या तणसाचा ढीग. त्याने पैसे दिले, पण मनापासून नाही.

आता हे काम कसं करतात ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. रंगीत फोटो म्हणजे खरं तर एकावर एक ठेवलेले तीन ब्लॅक अँड व्हाईट फोटो असतात. एक लाल उजेडाचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. कॉम्प्युटरवर ते सुटे करून बघता येतात. हवेतला धुरकटपणा सगळ्यांत जास्त निळ्या फोटोत बसतो आणि लालमध्ये सगळ्यांत कमी. म्हणून डोंगर स्वच्छ हवा असेल तर निळा टाकून द्यायचा, हिरवा चवीपुरता ठेवायचा आणि लाल पुढे ओढायचा. आकाश गडद होतं, डोंगराच्या घड्या उठून दिसतात, झाड न् झाड मोजावं असं होतं. गिऱ्हाईक खूश होतं. यात खोटं काही नाही, मी पदरचं काही घालत नाही, असं मी सगळ्यांना ठासून सांगायची. मलाही तसंच वाटायचं. आंबागडचा शालिकराम येईपर्यंत.

मोहफुलांचा हंगाम संपत आला होता. एक उंच, वाळका माणूस आणि त्याच्यामागे त्याची बायको, असे दोघं भर उन्हाचे आले. माणसाच्या अंगात खाकी शर्ट होता, कॉलर विरलेली.

"शालिकराम हाय जी मी. आंबागडचा. जंगलात आगीवर रायतो."

"आगीवर म्हणजे?"

"आग पाहाले. फायर वाचर. उन्हाळाभर."

ही फायर वॉचरची नोकरी रोजंदारीची. जंगलात कुठे धूर दिसला की धावायचं, हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवायची आणि वर कळवायचं. आणि त्याच महिन्यात मोह गळतो. फुलं पहाटे खाली पडतात, ती जमिनीवरून वेचायची असतात. पण झाडाखाली वाळल्या पाल्याचा थर असतो, त्यात फूल सापडत नाही. मग लोक पाल्याला काडी लावतात. जमीन काळी, साफ होते आणि पिवळट फुलं दुरूनही दिसतात. वनखात्याची याला सक्त मनाई. एखाद्या झाडाखालची आग वारं सुटलं की उतारावर चढते आणि जंगल पेटतं.

त्या वर्षी गडाच्या डोंगरावर तसंच झालं होतं. दुपारी आग लागली ती संध्याकाळपर्यंत जळत राहिली. बांबू गेला, नवी लावलेली रोपं गेली. साहेबांचा, म्हणजे त्या भागाच्या वनाधिकाऱ्यांचा, संशय शालिकवरच आला होता. आग नाल्याच्या बाजूने वर चढली असं लोक म्हणत होते, आणि नाल्याकाठचे तीन मोह शालिकच्या घरचे. आग राखणाऱ्याच्याच बायकोने पाला जाळला असेल, तर त्याला कामावर ठेवायचं कशाला?

"त्याच रोजी सकाळी शाळेचे सर पोट्टे घेऊन गडावर गेले होते," शालिक म्हणाला. "वरून त्याहीनं फोटो काढला. खालचा सप्पा उतार येते त्यात, काही सुटत नाही. साहेब म्हणाले, तो फोटो काळापांढरा करून आण, रंगीतची झेरॉक्स येत नाही. फायलीले लावतो, मंग ठरवतो तुले ठेवाचं का नाही."

"साहेब सोता येऊन राहिले इथं," बायको म्हणाली. तिचं नाव अनुसया. "तुमच्या मशीनवर पाहाले. कोनी काही बदललं तं नाही म्हून."

त्यांनी आणलेलं सरांच्या कॅमेऱ्याचं कार्ड मी लावलं. नेहमीचंच, निळं राखाडी गचपण. मी सवयीने लाल पुढे ओढला आणि डोंगर बाहेर आला. खरं सांगते, इतका सुंदर डोंगर मी तोवर काढला नव्हता. पुढे गडाची पडकी भिंत, खाली उतार, नाल्याचं वळण, पानगळीने उघडी पडलेली एकेक फांदी. मी खुर्ची मागे सरकवून त्यांना दाखवलं.

"वा जी!" शालिक म्हणाला.

अनुसया पुढे आली.

"पन धूर कुठं गेला?"

"कोणता धूर?"

"त्या रोजचा. सकाळी सप्पा गावचा धूर होता ना वर. माहे डोळे लाल झाले होते."

मी म्हटलं, हे तंत्र असंच आहे, धूर यात येत नाही. ती म्हणाली, "होता तो गेला कसा?" मी लाल, हिरवा, निळा असं सगळं समजावलं. दोघांनी मान डोलावली, आणि अनुसयाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. इतकी वर्षं लोक माझ्याकडे धुराबद्दल तक्रार घेऊन येत होते. तो परत मागायला आलेली ही पहिलीच.

मग मी निळा उघडला. निळा मी कधी गिऱ्हाइकाला दाखवत नाही, तो फार घाणेरडा असतो. सगळीकडे दाणे दाणे, चौकटी चौकटी. डोंगर जवळजवळ पुसला गेला होता. पण उतारावरून जागोजागी पांढरे धागे उठले होते. वर जाऊन ते पसरत होते आणि त्यांची एकच चादर होत होती.

"हे भिंगावरचे डागही असतील," मी म्हटलं. "निळ्याचा भरवसा नसतो."

शालिक वाकला. काचेला न लावता बोट फिरवत म्हणाला, "हा माह्या मोठ्या भावाचा मोह. हे दोन झाडं माह्या सासऱ्याच्या वाटनीचे. हे वरतं सरपंचाईचे. हा इकडचा पोलीस पाटलाचा." प्रत्येक धाग्याखाली कुणाचं ना कुणाचं झाड होतं. भिंगावरचे डाग असे नावनिशी पडत नाहीत.

तोवर अनुसयाचं बोट काचेला टेकलंही होतं. "आन हा नाला. इथं पाहा, बाई. हाय काही?"

नाल्याच्या कोपऱ्यात काळं होतं. एकही धागा नव्हता.

"म्या खराट्यानं झाडलं. तिन्ही झाडाखालचं, रोज, फुलं पडाच्या आंधी. ह्याहीची नोकरी हाय म्हून. कंबर मोडून गेली माही. बाया हासत माह्यावर."

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. "झालं की मग! हाच फोटो साहेबांना द्या. शालिकभाऊ, तुमच्या झाडाखाली धूर नाही, बाकी सगळीकडे आहे. स्वच्छ पुरावा!"

खाकी शर्टाची बाही वर करून शालिकने तोंड पुसलं.

"हा नाही देत जी."

"काहून?" अनुसया म्हणाली.

"हा पाहिला का साहेब विचारन, हे झाड कोनाचं, ते कोनाचं. मी काय सांगू? भावाचं नाव सांगू? तुह्या बापाचं सांगू? सप्पा गावावर केस होईन."

"मंग तुमची भाकर गेली तरी चालन?"

"तो पयला फोटो देतो. त्यात धूरच नाही. धूर नाही म्हंजे सकाळी कोनीच पाला जाळला नाही. त्याहीनं नाही, तूही नाही."

"आन दुपारी आग कायची लागली मंग? साहेब विचारन ना, तू कुठं होता!"

"विचारू दे."

"म्या झाडलं, आन तुम्ही जाळनाऱ्याईले वाचवून राहिले!"

"तू चूप राय. तुह्यावर येऊ देत नाही ना काही? माह्यावर घेतो."

मी मध्ये पडले. मध्ये पडायची मला खोडच आहे. मी हिरवा उघडला. त्यात धूर होता, पण धागे नव्हते, नुसतं पिठूळ वातावरण. कुणाचं झाड कुठलं ते सांगता येईना, आणि धूर अजिबात नव्हता असंही म्हणता येईना. "हा मधला घ्या ना," मी म्हटलं, "कुणालाच त्रास नाही." दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तो मुकाट्याने बंद केला.

तेवढ्यात साहेब आले. मोटरसायकल सावलीला लावून, हेल्मेट काखेत मारून. माणूस वाईट नव्हता, हे मला आवर्जून सांगायचं आहे. आल्या आल्या त्यांनी अनुसयाला बसायला स्टूल सरकवलं. ती बसली नाही. पडद्यावर तो पहिला, स्वच्छ फोटो होता. शालिकनेच मला डोळ्यांनी खुणावून लावायला लावला होता.

साहेब पडद्याशी वाकले. "सकाळचाच आहे ना हा?"

"हो जी. सराईले विचारा."

"धूर नव्हता?"

"नव्हता जी."

"शालिक, मी स्वतः त्या सकाळी खालच्या रस्त्याने गेलो. माझे डोळे चुरचुरत होते."

"फोटोत नाही ना जी."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, यातून अजून काही निघतं का?"

आता इथे मी काय बोलायला हवं होतं? फोटो गिऱ्हाइकाचा. विचारणारा सरकारी माणूस. शालिक माझ्याकडे बघत होता आणि अनुसया जमिनीकडे. निळा तिथेच होता, एक बटण दाबलं की पडद्यावर येणारा. माझ्या तोंडून निघालं, "काढावं तसं निघतं, साहेब."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हाच सगळ्यात स्वच्छ आहे."

हे खरं होतं. त्याहून स्वच्छ फोटो त्यातून ब्रह्मदेवालाही काढता आला नसता. साहेबांनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. सकाळी धूर नव्हता, म्हणजे आग दुपारीच लागली. शालिक, विचार करून सांग. दुपारी तू कुठे होतास?"

"भाकर खाल्ली जी. झाडाखाली जरासा डोळा लागला."

ते ऐकून अनुसयाने पाठ फिरवली. आमच्या स्टुडिओत धबधब्याचा रंगवलेला पडदा होता, त्याच्याकडे तोंड करून ती उभी राहिली. साहेबांनी "एकदा अजून विचार कर" म्हटलं. शालिकने पुन्हा तेच सांगितलं. मी प्रिंट काढली, शेजारच्या दुकानातून झेरॉक्स आल्या. रेघ न् रेघ उमटली होती. दुकानात आम्ही चार माणसं होतो, चौघांनाही धूर माहीत होता, आणि चौघं मिळून बिनधुराचा फोटो न्याहाळत होतो. साहेब गेल्यावर मी पाणी प्यायले.

शालिकचं काम गेलं. नंतर तो तुमसरातच एका राईस मिलवर पोती वाहायला लागला. कधीमधी दिसायचा, भुशाने पांढरा झालेला. मी त्याला एकदा विचारलंही, "शालिकभाऊ, असं काहून केलं?" तो म्हणाला, "मंग कसं करू जी?" आणि माझ्याकडे बघत राहिला, जणू मला माहीतच असावं. मला माहीत नव्हतं.

पुढे जे झालं त्याने मी आणखीच गोंधळले. फोटोची कीर्ती पसरली. आंबागडची माणसं प्रती मागायला येऊ लागली. शाळेने मोठी करून घेतली, ग्रामपंचायतीने घेतली. एक दिवस शालिकचा मोठा भाऊ आला. निळ्या फोटोतल्या पहिल्या धाग्याचा मालक.

"गजब साफ काढला बाई तुम्ही. पाहा ना, धुराचं नाव नाही सकाळी," तो म्हणाला. "आमचा शालिकच झोपला, दुसरं काय."

तो थट्टा करतोय का म्हणून मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. नव्हता करत. ज्याने स्वतःच्या हाताने पाल्याला काडी लावली तो माणूस माझा फोटो हातात धरून, धूर नव्हता असं मलाच दाखवत होता. आणि त्याचा त्यावर विश्वास बसलेला होता. मला संताप आला. निळा उघडून स्क्रीन गर्रकन त्याच्याकडे फिरवावा असं वाटलं. पण तो निळा दाखवायचा नाही असं ठरवणारा दुसराच होता, आणि तो तर भावासाठीच गप्प बसला होता. मी कुणाच्या बाजूने चिडले होते, हेच मला कळेना. मी प्रत पाकिटात घालून दिली.

आमचे हे म्हणाले, "तू धूर काढतेस, तुझं काम संपलं." मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले होते, की मी पदरचं काही घालत नाही. ते आजही खरं आहे. घातलं काहीच नाही, फक्त काढलं. तरी एका माणसाची नोकरी गेली आणि एक गाव निर्दोष सुटलं, ते माझ्या टेबलावर. यात चांगलं किती आणि वाईट किती हे मी अजून वेगळं करू शकलेले नाही. लाल, हिरवा, निळा असं त्याचं होत नाही.

उन्हाळा सरता सरता अनुसया एकटी आली. बाजाराची पिशवी हातात, कपाळावर घाम. बसली. या वेळी स्टूल सरकवावं लागलं नाही.

"तो दानेदार फोटो हाय का बाई अजून?"

"आहे."

"त्यातला नाल्याचा कोपरा मले काढून द्या. मोठा करून. निस्ता कोपरा. बाकी कोनाचंच झाड येऊ देऊ नोका त्यात."

मी निळा उघडला. तिने पडद्यावर बोटाने चौकट आखून दाखवली, मी तेवढाच तुकडा कापला. भावाचा मोह गेला, बापाचा गेला, सरपंचांचा गेला, सगळे धागे बाहेर राहिले. मोठा केल्यावर उरलं ते काळं, खरबरीत काहीतरी. नीट माहीत असेल तर तीन बुंधे असावेत असा भास व्हायचा. मी म्हटलं, "अनुसयाबाई, भिंतीवर लावलं तर लोक विचारतील, हे काय आहे म्हणून. यात काहीच दिसत नाही हो."

"धूर हाय का त्यात?"

"नाही."

"मंग भरून द्या काचेत."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं हात ज्या कामाला बसला होता तेच मी बोलले. म्हटलं, थांबा, हाच कोपरा मी तुम्हाला लालमधून काढून देते, स्वच्छ येईल, तिन्ही झाडं दिसतील, खालची झाडलेली जमीनसुद्धा दिसेल. मी तो काढून शेजारी लावलासुद्धा. खरंच फार सुरेख दिसत होता.

तिने दोन्ही पाहिले, आणि त्या काळ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हाच द्या. त्या साफ फोटोत तं सप्पाईचंच साफ हाय."